ॲपवर तीच चाळीस गाणी फिरूलालीत, नवीन इंडी (सिनेमाबाहेरचं, स्वतंत्र) म्युझिक काढायचं कुठून?

निपाणीहून विचारलंस की दोन वर्षं झाली तीच चाळीस गाणी फिरूलालीत, मराठी लावलं की सिनेमाचं नाहीतर वरातीचं, कन्नड लावलं की तेही सिनेमाचंच, इंग्लिश लावलं की जे सगळ्या जगाला पाठ आहे ते, रोजचा डेटा दीड जीबी, ॲपचे पैसे भरणं सध्या जमत नाही, तर दादा तुम्ही दर महिन्याला नवीन बँड कुठून काढता. दोन ओळी लिहून तुला वाटेला लावायचं नाही मला, म्हणून नीट बसून लिहितो.

मी कोण ते आधी सांगतो. बेळगावच्या टिळकवाडीत माझी छोटी रेकॉर्डिंगची खोली आहे, १९ वर्षं मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे घेतलेले आवाज एकमेकांत बसवायचं काम, करतोय, भजनी मंडळ, कॉलेजची पोरं, कन्नड भावगीतं, मधूनच एखादा मेटल बँड, जे येईल ते. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी खोलीवर बारा-पंधरा जण जमतात आणि प्रत्येकानं एक असं गाणं आणायचं जे बाकी कुणी ऐकलेलं नसेल. रिकाम्या हातानं आलेलं चालत नाही. त्यामुळं नवीन शोधायची मला सवयच लागली, आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली की गाण्यामागं गाणं शोधत बसलास तर चार दिवसांत कंटाळशील, गाण्यामागचा माणूस धरलास तर माल संपत नाही.

आता ॲप असं का करतं ते बघ. स्पॉटिफाय भारतात आलं फेब्रुवारी २०१९ ला, खरं त्यांची दर सोमवारची ३० गाण्यांची डिस्कव्हर वीकली २०१५ पासून आहे आणि तिच्या मागचं मोठं गणित साधं आहे, तू जे ऐकतोस ते आणखी ज्यांनी ऐकलं त्यांनी दुसरं काय काय ऐकलं. खानापूरच्या एखाद्या पोरानं परवा गाणं टाकलं, ऐकणारे सगळे मिळून साठ, त्यातले चाळीस त्याच्याच गल्लीतले, तर त्या गाण्याला कुणाच्या शेजारी बसवायचं हे मशीनला कळणार कुठून? सगळीकडं मिळून रोज लाखाच्या आसपास नवीन ट्रॅक चढतात. त्यात डिस्कव्हरी मोड म्हणून एक सोय आहे, कलाकार किंवा लेबल, म्हणजे गाणी काढणारी कंपनी, कमी रॉयल्टी घ्यायला तयार झालं की त्यांचं गाणं ॲपमधल्या रेडिओ आणि ऑटोप्लेमध्ये वर सरकायची शक्यता वाढते. आणि २०२४ पासून वर्षभरात १,००० वेळा वाजल्याशिवाय स्पॉटिफायवर त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगला पैसेच मिळत नाहीत. मला हे मनापासून लागतं, कारण माझ्या खोलीत रेकॉर्ड झालेली चांगली चांगली गाणी त्या हजाराच्या अलीकडंच राहिलीत.

तरी ॲप अगदी टाकून देऊ नकोस. घरात कुणी तुझ्या फोनवर लग्नाची गाणी लावणार असेल तर प्रायव्हेट सेशन चालू कर, म्हणजे त्याचा परिणाम तुझ्या यादीवर फारसा होत नाही. ३० सेकंदांच्या आत पुढं ढकललेलं गाणं ते वाजलं म्हणून मोजत नाहीत, तेव्हा अनोळखी गाणं बरं वाटलं की पुरतं ऐक आणि सेव्ह कर. महिनाभर मन लावून असं केलंस की सोमवारची यादी सुधारते, माझी सुधारली. त्याच्या पुढचं काम त्या यादीचं नव्हे.

पुढचं काम बँडकॅम्पवर कर. कलाकार आपली गाणी तिथं थेट विकतात, ही वेबसाइट २००८ पासून चालू आहे आणि बहुतेक अल्बम पैसे न देता आधी पूर्ण ऐकता येतात, अकाउंटसुद्धा लागत नाही. एखादा अल्बम आवडला की कव्हरजवळ बारीक बारीक फोटो दिसतात बघ, ती तो अल्बम विकत घेतलेली माणसं. त्यातल्या एकावर क्लिक केलंस की त्यानं आजवर काय काय घेतलं ते सगळं कलेक्शन उघडतं. माझं निम्मं शोधकाम ह्या एका जागी होतं. कारण पैसे मोजून घेतलेलं गाणं म्हणजे त्या माणसाची खरी आवड, नुसतं लाइक करायला काय लागत नाही. मी काय करतो, एकाच अल्बमखालचे असे पाच-सहा जण बघतो, ज्याच्या कलेक्शनमध्ये माझ्या आवडीचे अजून दोन-तीन अल्बम निघतात त्याला फॉलो करून ठेवतो, मग तो नवीन काय घेतो ते माझ्यापर्यंत आपोआप येतं. असे जगभरातले तीसेक अनोळखी लोक गेली कित्येक वर्षं माझ्यासाठी गाणी निवडूलालेत आणि त्यांना ते माहीतही नाही. साउंडक्लाउडवरही हे जमतं, तिथं लाइक आणि रीपोस्ट दिसतात, आणि तयार व्हायच्या आधीचं कच्चं काम तिथं जास्त सापडतं, ते ऐकायला मला फार आवडतं.

दुसरा मार्ग माझ्या धंद्यातला, क्रेडिट वाचणं. पूर्वी कॅसेटच्या आतला घडीचा कागद आपण वाचायचो तसंच. बँडकॅम्पवर अल्बमच्या खाली लिहिलेलं असतं बास कुणी वाजवला, मिक्स कुणी केलं, मास्टर कुठं झालं, स्पॉटिफायवर गाण्यापुढच्या तीन टिंबांत क्रेडिट मिळतात, आणि जुन्या रेकॉर्डसाठी डिस्कॉग्स ही वेबसाइट आहे, २००० सालापासून लोक तिथं हातानं एकेक नाव भरूलालेत. गाणं आवडलं आणि त्यात ड्रम्सचा आवाज तुला फार भावला तर गायकाला सोड, तो ड्रमर आणखी कुठं वाजवतो ते शोध. चांगला वाजवणारा माणूस वाईट संगतीत फार दिवस राहत नाही, हा माझा अनुभव आहे. लेबलचंही तेच. दिल्लीचं अमरस घे, बाडमेर बॉईज, लाखा खान अशी राजस्थानी मंडळी त्यांनी नीट नावानिशी रेकॉर्ड केलीत, एक आवडलं की त्यांचं पान वरपासून खालपर्यंत ऐकावं.

आता आपल्या भागाचं. आपल्याकडचा खरा घोटाळा भाषेचा आहे. जिओसावन हे गाण्याचं ॲप पहिल्यांदा उघडलं की भाषा विचारतं, आणि आपण घरी मराठी, बाजारात कन्नड, सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माच्या यात्रेत चौंडकं हे तिच्या भक्तांचं वाद्य वाजलं की त्याची भाषा दर चार माणसांमागं बदलते. ॲपला मराठी सांगितलंस की ते पुण्या-मुंबईकडं तोंड करतं, कन्नड सांगितलंस की बेंगळुरूकडं, आणि दोन्हीकडच्या यादीत सिनेमाच पुढं, मधला आपला पट्टा दोघांच्याही पाठीमागं राहतो. म्हणून मी भाषेवरून शोधणं सोडलं आणि वाद्यावरून, कवीवरून, गावावरून शोधायला लागलो.

एक धागा कसा पुढं जातो ते सांगतो. सुळेभावी तुला माहीत आहे, बेळगाव जिल्ह्यातलंच गाव, कुमार गंधर्व तिथं जन्मले, ८ एप्रिल १९२४. आमच्या घरी वडील सकाळी त्यांनी गायलेली कबीराची निर्गुणी भजनं लावायचे, मला लहानपणी त्याचा वैतागच यायचा. पुढं पंधरा वर्षांनी तेच कबीर परत ऐकावेसे वाटले म्हणून शोधायला बसलो तर कबीर प्रोजेक्ट सापडला, बेंगळुरूचा, शबनम विरमानींनी २००३ मध्ये सुरू केलेला. त्यांची अजब शहर नावाची वेबसाइट आहे, माळवा, राजस्थान, कच्छकडचे गाणारे, प्रत्येकाचं नाव, गाण्याचे शब्द, अर्थ, सगळं फुकट, मी दोन रात्री झोपलो नाही. तिथून बिंदुमालिनी आणि वेदांत भारद्वाज ह्या दोघांनी मिळून गायलेला कबीर हाताला लागला, गिटार आहे, कर्नाटकी गळा आहे, आणि मध्ये मोकळी जागा इतकी सोडलीय की मिक्सिंग करणाऱ्या माणसाला ते ऐकून शिकायला मिळतं. पुढं बिंदुमालिनीला कन्नड सिनेमातल्या गाण्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, खरं माझ्यापर्यंत ती सुळेभावीच्या वाटेनं आली.

त्याच वाटेला दुसरा फाटा शरीफसाहेबांचा. शिशुनाळ शरीफ, हावेरी जिल्ह्यातले कन्नड संतकवी, १८१९ ते १८८९, त्यांची तत्त्वपदं ह्या भागातल्या कुठल्याही भजनात बसलास तर कानावर पडतातच. कर्नाटकातला गायक रघु दीक्षित, त्यानं २००८ च्या पहिल्या अल्बममध्ये त्यातली काही पदं गिटार, बास, व्हायोलिन घेऊन गायली आणि तो अल्बम विशाल-शेखर ह्या सिनेमावाल्या जोडीच्या छोट्या लेबलवर निघाला. रघुचा धाकटा भाऊ वासू दीक्षित, त्याचा बँड स्वरात्मा, २००२ मध्ये म्हैसूरला सुरू झालेला, कन्नड आणि हिंदी दोन्ही गातात. तुला कन्नड लिहिता वाचता येत नसेल तरी हरकत नाही, निपाणीच्या बाजारात जेवढं कन्नड कानाला लागतं तेवढ्यावर शरीफ पोचतात, न कळलेला शब्द शेजारच्या कुणाला तरी विचार, ती माणसं अर्थ सांगताना फार खुश होतात. आमच्या खोलीवर एक निवृत्त मास्तर येतात, एका पदाचा अर्थ सांगायला त्यांनी पाऊण तास घेतला आणि कुणी उठलं नाही.

मराठीत तुला वाटतं तेवढा दुष्काळ नाही. मुंबईचा स्वदेसी हा रॅपवाल्यांचा ग्रुप बघ, त्यात एमसी मवाली मराठीत म्हणतो, आणि अमरावतीचा १००आरबीएच, ते नाव सौरभ असं वाचायचं, त्याची भाषा वऱ्हाडकडची आहे आणि त्यानं ती पुणेरी करून घेतली नाही म्हणून मला तो जास्त आवडतो. स्वदेसीचा अल्बम २०२० मध्ये दिल्लीच्या आझादी रेकॉर्ड्सवर आला, ते लेबल २०१७ चं, त्यांच्या यादीत शिरलास की हिंदी, मराठी, पंजाबी, काश्मिरी किती दारं उघडतात बघ. अभंग रिपोस्ट नावाची मुंबईकडची पोरं अभंग बास-ड्रम्सवर गातात, टाळ तसाच ठेवून. आपल्याकडच्या भजनी मंडळातल्या म्हाताऱ्यांना मी ते ऐकवलं होतं, दोघांनी तोंड वाकडं केलं, पखवाजवाल्या काकांनी मात्र परत लाव म्हणून सांगितलं.

सर्चमध्ये स्पेलिंग बदलून बघायला विसरू नकोस, ह्यात खूप माल दडलेला असतो. १ नोव्हेंबर २०१४ ला कर्नाटक सरकारनं बारा शहरांची नावं बदलली, त्याच्या आधी ज्यांनी गाणी टाकली त्यांनी बेलगाम, बँगलोर, हुबळी लिहिलंय, नंतरच्यांनी बेळगावी, बेंगळुरू, हुब्बळ्ळी, आणि काही जण अजून जुनंच लिहितात. बँडकॅम्पवर गावाचा टॅग असतो, तिथं दोन्ही टाकून बघ. चौंडकं हा शब्द रोमन लिपीत लोक सहा-सात तऱ्हांनी लिहितात, कन्नड लिपीत वेगळा, देवनागरीत वेगळा, आणि यूट्यूबला ते एकच वाद्य आहे हे धड उमगत नाही. प्रत्येक स्पेलिंगला वेगळे व्हिडिओ निघतात. फिल्टरमध्ये तारीख लावून अलीकडं टाकलेलेच बघितलेस की ज्याला तीसच जणांनी बघितलंय असं काहीतरी वर येतं, त्यातलं बरंचसं फोन वाऱ्यात धरून केलेलं असतं, खरं मधूनच यल्लम्माची एखादी जोगतीण अशी गाते की अंगावर काटा येतो.

आणि अशी गाणारी माणसं सापडली की त्यांचं नाव शोधून काढ, हे मी तुला कळकळीनं सांगतो. काही वर्षांमागं डोंगरावर गाणाऱ्या एका जोगत्याचा आवाज कुणीतरी फोनवर घेतला, त्यावर बीट टाकून चढवला, लाखांनी ऐकला गेला आणि खाली त्याच्या नावाचा पत्ता नाही. मी त्या माणसाला पुढच्या यात्रेत भेटलो तेव्हा त्याला हे माहीतच नव्हतं, मी फोनवर ऐकवल्यावर तो नुसता हसला आणि म्हणाला माझाच हाय आवाज. तेव्हापासून आमच्या रविवारी नियम केला, नाव माहीत नसेल तर गाणं लावायच्या आधी ते शोधायचा प्रयत्न केला काय ते सांगायचं.

रेडिओ. मी लहान असताना रात्री धारवाड, सांगली, हवा असेल तशी पणजीसुद्धा लागायची आणि कुणीतरी निवडलेलं गाणं तुमच्या पदरात पडायचं, आवड नसली तरी ऐकायचो. ती गंमत नेटवर अजून आहे. लंडनचं एनटीएस, २०११ पासून, दोन चॅनल, जाहिरात नाही, एक-दोन तासांचे कार्यक्रम आणि बहुतेकांच्या खाली वाजवलेल्या गाण्यांची यादी. सिॲटलचं केईएक्सपी, त्यांच्या स्टुडिओतले लाइव्ह सेशन यूट्यूबवर असतात, बँड खराखुरा वाजवताना दिसतो आणि तिथं बँड कच्चा असेल तर लपत नाही. दिल्लीचं बॉक्सआउट आहे, आपल्या देशातले इलेक्ट्रॉनिकवाले तिथं फार. रेडिओ गार्डन उघडलंस तर पृथ्वीचा गोळा फिरवून कुठल्याही गावचं स्टेशन लावता येतं, मला ते काम करताना लावायला आवडतं, कामाचं असं त्यातून थोडंच निघतं.

एक सावधगिरी. आता मशीननं बनवलेली गाणी ढिगानं येऊलालीत. डीझर ह्या फ्रेंच सर्व्हिसनं एप्रिल २०२५ मध्ये सांगितलं की त्यांच्याकडं रोज येणाऱ्या ट्रॅकपैकी १८ टक्के पूर्ण एआयनं केलेले, म्हणजे २०,००० च्या वर. नवीन नाव सापडलं की मी आधी बघतो ह्या बँडनं कुठं तरी लोकांसमोर वाजवलंय काय, कुणाकुणाची नावं आहेत, दोन महिन्यांत तीन अल्बम तर काढले नाहीत ना. माणसाच्या गाण्याभोवती माणसांच्या खुणा असतात, पोस्टर, भांडण, बदललेला ड्रमर, कुणाच्या तरी गच्चीवरचा हलता व्हिडिओ. आणि कुणी तुला इतके पैसे दे, प्लेलिस्टमध्ये घालतो म्हणालं तर तुझ्या गाणाऱ्या दोस्तांनाही सांग की देऊ नका, आमच्या इथल्या एका पोरीनं दिले होते, आठ दिवस आकडे वाढले, सगळे बोगस ऐकणारे निघाले आणि शेवटी तिचं गाणंच काढून टाकलं गेलं. ती सहा महिने गायली नाही.

ऐकायचं कसं हेही विचारलं असतंस तर बरं झालं असतं, कारण बरेच जण तिथंच चुकतात. दहा सेकंद ऐकून पुढं जाऊ नको. मी एका बैठकीत तीनच नवीन अल्बम घेतो, प्रत्येकाची दोन गाणी पूर्ण, हेडफोन लावून, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत, कारण रात्री बरं वाटलेलं सकाळी पोकळ निघतं आणि रात्री कंटाळवाणं वाटलेलं कधी कधी सकाळी दात घासताना ओठांवर येतं. वही ठेव. माझ्या वहीत नाव, कुणाकडून कळलं आणि एक ओळ, एवढंच. कुणाकडून कळलं हा रकाना सोडू नको, वर्षभरानं तो रकाना वाचलास की तुला कळतं कुणाचा कान तुझ्याशी जुळतो. याद्या फक्त ॲपमध्ये ठेवल्यास तर ॲपबरोबर जातात, रेसो नावाचं गाण्याचं ॲप जानेवारी २०२४ ला भारतात बंदच झालं.

डेटाची काळजी जेवढी वाटते तेवढी नाही. बँडकॅम्प फुकट ऐकताना १२८ केबीपीएसनं वाजतं, म्हणजे मिनिटाला साधारण १ एमबी, ४० मिनिटांचा अल्बम ४० एमबीत झाला. डेटा खातो तो व्हिडिओ. तेव्हा यूट्यूबवर फक्त शोध, आवडलं की तोच कलाकार ऑडिओवर आहे का बघ आणि तिथं ऐक.

पैशाचं म्हणशील तर सध्या देऊ नको, शिक्षण होऊ दे. तरी कधी वर्षातून एक अल्बम घ्यावासा वाटला तर बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर १५ टक्के घेतं आणि पेमेंटचा खर्च वजा करून उरलेलं कलाकाराला जातं, आणि मार्च २०२० पासून काही ठरावीक शुक्रवारी ते आपला वाटाही सोडतात, त्या दिवशी घे. बऱ्याच अल्बमला किंमत तुम्हीच ठरवा असं असतं. तुझं डेबिट कार्ड चालणार नाही कदाचित, कारण रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानं नवीन कार्डं फक्त देशात चालतात अशीच येतात, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन इंटरनॅशनल चालू करायचं, खरेदी झाली की लगेच बंद. घेतलेला अल्बम डाउनलोड करून पेनड्राइव्हवर ठेव, बँडकॅम्पचे मालकही २०२२ आणि २०२३ असे दोनदा बदललेत.

पैसे नसले तरी एक करता येतं, ज्याचं गाणं आवडलं त्याला चार ओळी लिही. साठ जण ऐकतात त्याला त्या चार ओळींचं काय वाटतं ते मी खोलीत बसून बघितलंय. मराठीत लिही, मोडक्या कन्नडमध्ये लिही, कुठलं वाद्य आवडलं ते लिही आणि शेवटी विचार, तुम्ही सध्या कुणाला ऐकूलालाय? दहापैकी सात-आठ जण उत्तर देतात आणि त्यात चार नावं असतात जी तुला कुठल्याच ॲपनं दिली नसती. हुबळीच्या एका बासवाल्यानं मला असं एकदा नाव दिलं आणि ते नाव आमच्याच खडेबाजारात काम करणाऱ्या पोराचं निघालं, मी त्याच्या दुकानावरून रोज जात होतो.

पुढच्या पहिल्या रविवारी सकाळच्या बसनं ये, दहाला बसतो आम्ही. एक गाणं आण, मराठी, कन्नड, काहीही, आणि त्याची लिंक आणू नको, फाइल आण, साउंडप्रूफिंगमुळं खोलीत नेट येत नाही.